थोरलीची पहिली ओळ

धुलाईघरात ज्या बायकांचा जन्म जातो त्यांचा आवाज एक तर कायमचा बसतो, नाही तर मोठा होतो. थोरलीचा मोठा झाला. तिच्या कामाच्या जागी एका भिंतीला चादरी धुणारे लोखंडी ढोल घरघरत असत आणि दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचा लांबलचक तापलेला रूळ होता. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून रुळाखाली सारायची, पलीकडे ती कोरडी आणि ताठ होऊन निघायची. ‘जरा ओढ’ एवढं सांगायलासुद्धा घसा ताणावा लागे. लग्न झाल्यापासून ती तिथेच होती. त्यामुळे घरी तिनं मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघत की कुणाचं काय बिनसलं.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. तिच्या नवऱ्याचा एक धाकटा भाऊ होता, त्याची बायको ती धाकटी. गल्लीतले, नात्यातले, उपासनेला येणारे सगळे दोघींना थोरली-धाकटी म्हणूनच ओळखत. सासूबाई धाकटीकडे राहत, कारण धाकटीचं घर तळमजल्यावर होतं आणि सासूबाईंचे गुडघे जिने चढू देत नव्हते. कारण गुडघ्यांचं, पण ठसठसायचं थोरलीच्या मनात.

थोरलीच्या आवाजाला खरी किंमत होती ती उपासनाघरात. उंच छत, लाकडी बाकं, आणि ध्वनिक्षेपकाची भानगड नाही. दर सुट्टीच्या सकाळी गुरुजी उभे राहिले की सगळे गप्प होत, आणि कुणीतरी एकटीनं पहिली ओळ उचलायची: ‘तुझ्या अंगणी उजाडले, आता आम्हां जाग दे.’ ती शेवटच्या बाकापर्यंत पोचली की बाकीचे दुसरी ओळ धरत. ओळ दिसायला साधी, पण म्हणायला लबाड. मध्येच भलतीकडे श्वास घेतला की ‘जाग दे’ घशातच राहायचं. पूर्वी ती सासूबाई उचलत. त्यांचा दम कमी पडू लागला, तेव्हा एका सकाळी गुरुजी उभे राहिल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या थोरलीला कोपरानं ढोसलं. झाला वारसा. ना भाषण, ना समारंभ. पण थोरलीनं तो ढोसा असा जपला की जणू तिला कुणी राज्यावर बसवलं होतं.

सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला धाकटी बसली होती. त्या बाजूलाही कोपर होतंच की त्यांना, पण धाकटीला ढोसलं नाही. ही गोष्ट थोरलीनं पक्की लक्षात ठेवली होती.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून, आरसा समोर धरून, ‘छान दिसतंय’ असं हळूच सांगणं हे तिचं काम. तिचा आवाज इतका बारीक की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. उपासनाघरात ती गात असे खरी, पण तिसऱ्या बाकावरच्या माणसाला त्याचा पत्ता नसे. थोरलीला तेव्हा धाकटी आवडायची. ज्याचं आपल्याला भय नाही, ते माणूस आवडायला काय लागतं?

मग ती साथ आली. उपासनाघराला कुलूप लागलं आणि गुरुजींनी जाहीर केलं की आता उपासना फोनवर. प्रत्येकानं आपापल्या घरी बसायचं, फोन समोर उभा करायचा, आणि काचेवर सगळ्यांच्या चेहऱ्यांच्या चौकटी दिसतील. पहिल्या खेपेला सगळे एकदम गायला लागले. कुणाची दुसरी ओळ कुणाच्या पहिलीवर आदळली, कुणाचा कुकर मध्येच शिट्टी देऊन गेला, आणि देवानं कान झाकले असतील असा गोंधळ झाला. त्यानंतर नियम ठरला: सगळ्यांनी आपला आवाज म्यूट ठेवायचा, आणि एकटीनंच गायचं. बाकीच्यांनी घरात बसून तोंड हलवायचं.

एकटी म्हणजे अर्थात थोरली. ती सजून-धजून बसली, छाती भरून श्वास घेतला आणि ओळ उचलली. फोनला तो आवाज झेपला नाही. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसं काहीतरी सगळ्यांच्या घरी पोचलं. गुरुजी म्हणाले, वहिनी, जरा लांब बसता का? ती पलंगावर बसली, मग दारात, मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. जवळून आवाज फाटायचा आणि लांबून फोन तो गिळून टाकायचा. तिसऱ्या उपासनेला गुरुजींनी खाकरून सांगितलं की तात्पुरतं धाकट्या वहिनींनी म्हणावं.

आणि धाकटीनं म्हटलं. वाकून ऐकायला लागायचा तो आवाज फोनमधून असा आला, जणू कुणी शेजारी बसून कानात सांगतंय. लोक वेडे झाले. कुणी म्हणालं, अंगावर काटा आला. कुणी म्हणालं, इतकी वर्षं हा आवाज कुठं लपला होता? लपला कुठं होता, थोरली मनात म्हणाली, माझ्या शेजारीच होता, आणि तिथं ठीक होता. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

तेव्हापासून तिचा जळफळाट सुरू झाला तो काही थांबेना. दर सुट्टीला ती फोन उभा करी आणि आधी धाकटीची चौकट शोधी. आज कुठला पडदा लावलाय, केस मोकळे सोडलेत का, मागची कुंडी हलवली का. चौकट बोटाच्या पेराएवढी, सापडली की ‘हीच ती’ म्हणत ती तिच्यावर बोट आपटायची, टप टप, दोनदा. ती तिची जन्माची सवयच होती. धुलाईघरात रूळ तापला की नाही ते ओलं बोट दोनदा टेकवून बघतात. एकदा टेकवलं तर कळत नाही आणि तीनदा टेकवलं तर फोड येतो. थोरली विजेच्या बटणालासुद्धा दोनदा बोट लावायची. फोन लेकीचा जुना, दमादमानं हलणारा. बोट आपटून झालं, पदर सारखा करून झाला, की थोड्या वेळानं धाकटीचा चेहरा अख्ख्या काचेवर पसरायचा, एवढा मोठा की दातांमधली फट दिसावी. बाकी सगळी मंडळी खाली मुंग्यांसारखी ओळीत.

“बघितलंस?” ती नवऱ्याला म्हणायची. “गुरुजी तिला मोठी करून ठेवतात. सगळ्यांच्या फोनवर हीच. आम्ही काय मेलेलो आहोत?”

नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला की देवाला ऐकू जातं ना, मग झालं. थोरली म्हणाली, देवाला माझा आवाज पाठ आहे, प्रश्न लोकांचा आहे. धुलाईघरातली रुळावरची जोडीदारीण तरी बाजू घेईल म्हणून तिनं तिलाही सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, तुझी जाऊ कोण ती, मला तिचं गाणं पाठव ना. त्या दिवशी चादरीचं टोक थोरलीनं असं खेचलं की जोडीदारीण रुळापर्यंत ओढली गेली.

मात्र एक गोष्ट थोरलीनं सोडली नाही. गुरुजी उभे राहिले की ती म्यूट असतानाही पहिली ओळ म्हणायचीच, आणि धाकटीच्या आधी म्हणायची. ऐकायला घरात नवऱ्याशिवाय जागं कुणी नाही, आणि तोही ऐकत नाही. तरी ती नाक वर करून, तोंड भरून, धाकटीच्या एक घासभर पुढे ओळ घेऊन जायची. ओळ कुणाची आहे ते निदान आपल्या स्वयंपाकघराला तरी कळावं. आणि समोर धाकटीचे भलेमोठे डोळे कायम फोनवर खाली एकाच जागी लागलेले. थोरलीला खात्री होती की ही बया गाता गाता स्वतःचंच रूप न्याहाळते. चष्म्याच्या दुकानातली सवय.

साथ चालू असतानाच सासूबाई गेल्या. साथीनं नव्हे, वयानं. थोरलीच्या धुलाईघरात त्या दिवसांत सगळ्या चादरी दवाखान्यांच्या येत, म्हणून तिनं कित्येक महिने म्हातारीच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. आपल्या कपड्यांतून तिच्यापर्यंत रोग गेला तर? हा विचार तिचा स्वतःचा होता, कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी अधूनमधून फोनवर सासूबाईंचा चेहरा दाखवायची. शेवटचं पाणी तिनंच पाजलं. प्राण गेल्यावर डोक्याखालची उशी तिनंच काढली. रडताना थोरलीच्या मनात दुःखाच्या बरोबरीनं हेही होतं की म्हातारीचा शेवटही धाकटीच्या वाट्याला गेला, आणि असा विचार येतो म्हणून तिला आणखी रडू येत होतं.

निरोपाला मोजकी माणसं चालणार होती. म्हणून स्मरणाची उपासना फोनवर ठेवली. आणि आता थोरलीनं एकच धरून ठेवलं: निदान ही ओळ माझी. सासूबाईंनी कोपरानं ढोसलं होतं ते मला. त्यांच्याच स्मरणाला ती ओळ दुसऱ्या कुणी उचलली, तर तो ढोसा खोटा ठरेल, आणि मग आपल्यापाशी त्यांचं म्हणून काहीच उरणार नाही. तिनं गुरुजींना फोन केला. गुरुजी बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. तब्येत कशी आहे, हवा कशी आहे, फार वाईट झालं. शेवटी थोरलीनंच विचारलं, तेव्हा म्हणाले की वहिनी, तुमचा हक्क आहेच, पण फोनवर शब्द कळायला हवेत ना, लांबलांबचे नातेवाईक ऐकणार. धाकट्या वहिनींना सांगून झालंय.

थोरलीनं फोन ठेवला आणि उरलेल्या दिवसभर ती कुणाशी ओरडून बोलली नाही. नवरा घाबरला.

स्मरणाच्या सकाळी ती फोनसमोर बसली. नेहमीसारखं बोट आपटलं. थोड्या वेळानं धाकटी पसरली अख्ख्या काचेवर, डोळे सुजलेले, मागे सासूबाईंच्या खोलीची भिंत. म्हणजे खोलीसुद्धा हिचीच. गुरुजी सासूबाईंबद्दल दोन शब्द बोलले आणि उभे राहिले. थोरलीचं तोंड सवयीनं उघडलं. ‘तुझ्या अंगणी’ तिनं म्हटलं, आणि लगेच मागून धाकटीचा कानात सांगितल्यासारखा आवाज आला, ‘तुझ्या अंगणी’. तेच सुजलेले डोळे खाली त्याच जागी. आजसुद्धा? आजच्या दिवशीसुद्धा स्वतःला बघतेस? थोरलीच्या डोक्यात काहीतरी सणकलं. मी नाही बसणार या दरबारात. तिनं ओठ मिटले, हात पुढे केला आणि आपला कॅमेरा बंद केला.

‘उजाडले’ म्हणून धाकटी थांबली.

पुढचा शब्द आला नाही. सगळ्यांच्या घरात शांतता पसरली. कुठल्यातरी चौकटीत कुणीतरी डोळे पुसले. लोकांना वाटलं, बिचारीला हुंदका आला. गुरुजींनी थोडं थांबून वाचन सुरू केलं, आणि सासूबाईंची ओळ त्यांच्याच स्मरणाला अर्धीच राहिली.

थोरलीला आनंद झाला. लपवून काय उपयोग, झालाच. ज्याची ओळ त्याच्याच घशात शोभते, तिनं मनात म्हटलं. श्वास कुठं घ्यायचा ते ठाऊक नसलं की असंच होतं. सगळ्यांसमोर, एवढं मोठं तोंड करून बसलेली असताना फजिती झाली, हे फार चांगलं झालं. वाचन संपेपर्यंत ती त्या आनंदावर बसून होती, आणि तो हळूहळू टोचायला लागला तरी उठली नाही.

उपासना संपता संपता लेक चहा घेऊन आली. लेक घरूनच कुठल्याशा कंपनीचे फोन घ्यायची आणि सुट्टीच्या सकाळी उशिरा उठायची, म्हणून आईची उपासना तिनं कधी पाहिली नव्हती. थोरलीनं तिला सांगितलं की तुझी काकू सगळ्यांसमोर अडकली, आणि गुरुजींनी तिला एवढी मोठी करून ठेवलेली, त्यामुळे सगळ्यांना चांगली दिसली.

“कुठं मोठी आहे?” लेक म्हणाली.

“ही बघ ना.” आणि दाखवताना थोरलीनं शेजारच्या एका चुलतदिराच्या चौकटीवर बोट टेकवलं, टप टप. लेक बघत राहिली. क्षणभरानं धाकटी आकसून खाली गेली आणि काचभर चुलतदीर पसरले, तोंड उघडं टाकून जांभई देत.

लेक हसली, मग आईचं तोंड बघून थांबली. तिनं समजावून सांगितलं की ज्याच्यावर दोनदा बोट आपटशील तो फक्त तुझ्याच फोनवर मोठा होतो. बाकी कुणाच्या फोनवर नाही. बाकीच्यांना सगळे सारखेच, एवढे एवढेसे. गुरुजींचा काही संबंध नाही.

“म्हणजे मग इतके महिने तिला मोठी कुणी केली?”

“तूच, आई.”

थोरलीनं आपल्या बोटाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडावीत आणि बोट आपलंच निघावं, यावर हसायचं की रडायचं हे तिला ठरवता येईना. पण म्हणून राग गेला असं नाही. राग असा सांगून जात नाही. तिनं स्वतःला बजावलं की मोठी मी केली असेन, ओळ तर तिनंच घेतली ना, आणि तिलाच पेलली नाही.

दुपारी धाकटीचा फोन आला, चेहऱ्यासकट. ती अजून त्याच खोलीत होती. मागे खाटेवरची चादर घडी घालून ठेवलेली. थोरलीनं आधी त्या घडीकडे पाहिलं, कडा जुळलेल्या नव्हत्या. मग तिनं विचारलं, का थांबलीस?

धाकटी हळूहळू सांगत गेली. तिला ती ओळ कधी एकटीनं म्हणता आलीच नव्हती. उपासनाघरात ती सासूबाईंच्या पलीकडून थोरलीच्या तोंडाकडे बघत गायची. गुरुजींनी ओळ तिच्या गळ्यात घातली तेव्हा तिला घाम फुटला. मग दुकानातल्या पोरीनं तिला शिकवलं की हवा तो चेहरा मोठा करून ठेवता येतो. तेव्हापासून ती दर वेळी थोरलीला फोनभर करून बसायची, आपला चेहरा तिनं कधी पाहिलाही नाही. थोरली म्यूट असली तरी गातेय हे तिला दिसायचं, आणि नेहमी एक घासभर पुढे.

“तुमचे ओठ हलले की मी म्हणायचे, ताई. श्वाससुद्धा तुम्ही घ्याल तिथंच घ्यायचे.”

नेटवर्क गेलं होतं, हे वाक्य थोरलीच्या जिभेवर येऊन उभं होतं. फोनवर सगळ्यांचंच जातं, कुणी तपासायला येत नाही. पण खाटेवरच्या त्या वाकड्या घडीसमोर ते बोलवेना.

“माझा कॅमेरा गेला नव्हता,” ती म्हणाली. “मी मुद्दाम बंद केला.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“ओठ आधी मिटले तुमचे. मग चौकट काळी झाली.” धाकटीनं डोळे पुसले. “आणि ओठ दिसेनात म्हणून मी थांबले असं नाही, ताई. एवढ्या महिन्यांत ओळ पाठ झालीय मला. पण तुम्ही मिटलंत, तेव्हा वाटलं की तुमची परवानगी गेली. आईंनी ओळ तुम्हाला दिली होती. मी शेजारीच बसले होते की, मला दिसलं होतं. मग पुढं कुणाच्या नावावर म्हणू?”

थोरलीचा इतका मोठा आवाज, आणि ऐन वेळी त्यातून काही निघेना. ज्या ढोशासाठी ती जिवाचं रान करत होती, तो धाकटीनंही जपून ठेवला होता, आणि जास्त नीट जपला होता. आणि खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा तिच्या मनात येऊन गेलंच की हिला बोलताही माझ्यापेक्षा चांगलं येतं.

“फोन सरळ धर,” अखेर ती खरखरीत आवाजात म्हणाली. “आणि ती खाट दिसू दे मागं.”

“आता? आपण दोघीच?”

“दोघीच. अर्धी ठेवायची नाही ती.”

थोरली खिडकीशी जाऊन बसली, उजेड तोंडावर पडेल अशी. लेकीला विचारून तिनं आपला आवाज म्यूट केला. मग तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड नीट उघडलं, आणि आपली ओळ धाकटीच्या आवाजात शेवटपर्यंत ऐकली.